सुगीचा माल आणि आठवड्याचा बाजार : रेणापूरकडील शेतकऱ्यांसाठीं एक पाठ

शेतीविषयींचे पाठ बहुधा पेरणी, खत आणि कीड यांच्यापाशींच थांबतात. पीक घरांत आल्यावर पुढें काय करावें, याविषयीं फारसें कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल अर्धा शेतांत लागतो आणि अर्धा बाजारांत. चार महिने घाम गाळून मिळविलेलें धान्य एका सकाळीं, घटकाभरांत, दुसऱ्यानें ठरविलेल्या भावानें हातचें जातें. आणि घरचें मीठमिरची, मुलांची फी, सोसायटीचें कर्ज व पुढील पेरणीचें बियाणें हीं सर्व त्या एका घटकेवर अवलंबून असतात. म्हणून ह्या पाठांत आम्ही विकण्याच्या विद्येचा थोडा विचार करणार आहों. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं तो रात्रीच्या वर्गांत इतरांस वाचून दाखवावा, आणि त्यांतील हिशेब पाटीवर मांडून पाहावे.

१. कोणता माल केव्हां येतो

रेणापूर हें रेणा नदीच्या काठचें गांव. ही नदी पुढें मांजरेस मिळते. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला, आणि आज रेणापूर हा त्या जिल्ह्यांतील एक तालुका आहे. जमीन बहुतेक काळी, आणि पाऊस बेभरवशाचा. ज्या वर्षीं तो रुसतो त्या वर्षीं काय होतें, हें ह्या भागास सांगावें लागत नाहीं; एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. भंडारवाडीच्या रेणा प्रकल्पासारख्या तलावांत पाणी असलें म्हणजे ऊंस व भाजीपाला होतो; नसलें म्हणजे कोरडवाहू पिकांवरच घर चालवावें लागतें.

आतां वर्षाचा क्रम पाहूं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, आणि चांगली ओल झाली कीं खरिपाची पेरणी होते. त्यांत मूग व उडीद हीं दोन-अडीच महिन्यांचीं पिकें सर्वांत आधीं हातीं येतात. पोळ्याच्या मागेंपुढें त्यांच्या शेंगा तोडल्या जातात, आणि घरांत वर्षाचा पहिला पैसा येतो. त्यानंतर दसरा-दिवाळीच्या दिवसांत सोयाबीन येतें. तूर मात्र धीराचें पीक आहे. ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत रानांतच उभी असते. रब्बीची ज्वारी, करडई व हरभरा हीं पिकें फेब्रुवारी-मार्चमध्यें निघतात, आणि त्याच सुमारास चिंचाही उतरतात.

हीं झालीं पोत्यांत भरण्याचीं पिकें. त्यांच्या जोडीला टोपलींत भरण्याचा माल निराळा असतो. पावसाळ्यांत तांदुळजा, पाथरी, घोळ, कुरडू अशा रानभाज्या बांधावर आपोआप उगवतात. दसऱ्याच्या सुमारास सीताफळें पिकतात. हिवाळा म्हणजे मेथी, कोथिंबीर, वांगीं, वालाच्या शेंगा आणि कांद्याची पात यांचा काळ. जानेवारींत ज्वारीचा हुरडा येतो. उन्हाळ्यांत पाला-भाजी महाग होते, कारण त्या वेळीं ती पिकविण्यास विहिरींत पाणी लागतें, आणि तें थोड्यांच्याच विहिरींत असतें.

आपल्या जिल्ह्यांत मार्गशीर्षाच्या अमावस्येस गांवेंच्या गांवें रानांत जेवावयास जातात. तिला आपण येळवस म्हणतों. त्या दिवशींच्या भज्जींत तुरीचे, हरभऱ्याचे व वालाचे ओले दाणे आणि रानांत मिळेल ती भाजी पडते. ह्या एका भांड्यांत त्या ऋतूचें सगळें रान उतरलेलें असतें. आम्ही वाचकांस असें सुचवितों कीं, त्यांनीं त्या भज्जींतील जिनसा मोजाव्या, आणि त्यांपैकीं किती आपल्या रानांतून आल्या व किती बाजारांतून विकत आणाव्या लागल्या हें पाहावें. तेवढ्यावरून आपली शेती कोठें भरली आहे आणि कोठें रिकामी झाली आहे, हें कळून येईल.

२. बाजार दोन प्रकारचे

शेतकऱ्यास दोन बाजारांशीं काम पडतें, आणि दोहोंचा स्वभाव अगदीं भिन्न आहे. पहिला आठवड्याचा बाजार. त्यांत विकणारा व घेणारा एकमेकांचीं तोंडें ओळखतात. माल थोडा, मोल रोख, आणि भाव बोलण्यानें ठरतो. तेथें बाया टोपल्या घेऊन बसतात. भाजी, शेंगा, अंडीं, गुळाची ढेप, केरसुण्या, मडकीं असा नानाविध माल येतो. ह्या बाजारांत नांव लवकर होतें आणि लवकर जातें. ज्या मावशीनें एकदां सडकी जुडी चांगल्या जुडीखालीं दडवून दिली, तिच्यापाशीं पुढच्या आठवड्यास गिऱ्हाईक उभें राहत नाहीं.

दुसरा बाजार आडतीचा. तेथें माल पोत्यांनीं येतो आणि आडत्याच्या दुकानापुढें त्याची रास पडते. खरेदीदार मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतात व बोली करतात. हा माल कोण खाणार, तेल गाळणार कीं डाळ करणार, हें विकणाऱ्यास ठाऊक नसतें. लातूर ही अशा मालाची मोठी पेठ आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ सालीं लातूरपर्यंत आली, तेव्हांपासून आसपासच्या गांवांचा माल तेथें जमूं लागला. आणि आज तेथील डाळीच्या गिरण्या व सोयाबीनचे सौदे दूरवर प्रसिद्ध आहेत.

आडतीच्या बाजारांत पूर्वीं फार अंधार असे. धान्य पायलीनें व शेरानें मोजीत. सावकार घेतांना मापावर शीग चढवून घेई, आणि देतांना हात फिरवून माप सपाट करी. भाव रुमालाखालीं बोटें दाबून ठरत असल्यामुळें मालाचा धनी शेजारीं उभा असूनही त्यास कांहीं कळत नसे. शिवाय कडता, नमुना, धर्मादाय अशा नांवांखालीं पोत्यामागें कांहीं ना कांहीं कापलें जाई. हे दोष दूर व्हावे म्हणून कायदे झाले. हैदराबाद संस्थानांत १९३० सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. १९५६ च्या कायद्यानें देशभर किलो व क्विंटल यांचें दशमान माप आलें. महाराष्ट्रांत १९६३ चा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा झाला, आणि त्यान्वयें बाजार समित्या चालतात. उघड लिलाव, खऱ्या काट्यावर तोल आणि लेखी हिशेबपट्टी हा आज विकणाऱ्याचा हक्क आहे. परंतु हक्क कागदावर असतो. तो मागणारा माणूस काट्यापाशीं उभा असावा लागतो.

३. एका पिकावरचें घर

येथें एका मोठ्या फेरफाराकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. आपल्या आजोबांच्या काळीं ह्या रानांत ज्वारी, तूर, मूग, करडई, जवस, भुईमूग अशीं अनेक पिकें होत. त्यांतील बरीचशीं आधीं घरच्या कणगींत जात, आणि उरेल तें बाजारांत जाई. भाव पडला तरी ज्वारीची भाकर होत असे, करडईचें तेल निघत असे, आणि कडबा बैलापुढें पडत असे. गेल्या तीस वर्षांत बहुतेक खरीप रान सोयाबीनखालीं आलें. त्यास कारणेंही आहेत. सोयाबीन सुमारें शंभर दिवसांत येतें, त्याची मळणी यंत्रानें होते, रान रब्बीस मोकळें होतें, आणि पैसा एकदम हातीं येतो.

परंतु सोयाबीन घरांत खाण्याचें धान्य नव्हे. त्यांत सुमारें १८ ते २० टक्के तेल असतें, आणि तें काढल्यावर राहिलेली पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यांत जाते. तेव्हां त्याचा भाव आपल्या गांवच्या भुकेवर ठरत नाहीं. तेलाच्या व पेंडीच्या दूरदेशींच्या बाजारावर ठरतो. ब्राझील, अमेरिका व आर्जेन्टिना येथें पीक चांगलें आलें कीं त्याचा धक्का लातूरच्या आडतीस बसतो. ऑगस्ट २०२१ मध्यें सोयाबीन क्विंटलास दहा हजार रुपयांच्या आसपास गेलें होतें. त्याच महिन्यांत सरकारनें बारा लाख टन सोयापेंड परदेशांतून आणण्यास परवानगी दिली. दिवाळीपूर्वीं नवें पीकही बाजारांत आलें. आणि भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. २०२४ च्या सुगींत सरकारचा हमीभाव ४,८९२ रुपये असतां बाजारांत त्याहून कमी भावानें सोयाबीन विकावें लागलें.

तुरीची कथाही अशीच आहे. २०१५ सालीं पाऊस कमी झाला, आणि शहरांत तूरडाळ किलोस दोनशें रुपयांपर्यंत चढली. तो भाव पाहून पुढच्या खरिपांत सर्वांनींच तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि २०१६-१७ सालीं तुरीचें पीक विक्रमी आलें. हमीभाव ५,०५० रुपये होता, पण बाजारभाव त्याखालीं गेला, आणि खरेदी केंद्रांपुढें पोत्यांच्या रांगा लागल्या. यावरून शिकण्याचें हें कीं, गेल्या वर्षाचा भाव पाहून यंदाची पेरणी करणें म्हणजे मागें तोंड करून गाडी हांकणें होय. जो भाव सर्वांस दिसतो, त्याच्यामागें सर्वच धांवतात. आणि सर्व एकाच दारांतून शिरूं लागले म्हणजे चेंगराचेंगरी ठरलेलीच.

सुगीच्या दिवसांत भाव पडण्याचें दुसरें कारण आपल्याच घरांत असतें. सोयाबीन निघतें तेव्हां दिवाळी तोंडावर असते, मजुरी द्यावयाची असते, मळणीयंत्राचें भाडें द्यावयाचें असतें, कृषी केंद्राची उधारी थकलेली असते, आणि रब्बीचें बी घ्यावयाचें असतें. म्हणून ओला-सुका कसाही माल तीन आठवड्यांच्या आंत बाजारांत लोटला जातो. खरेदीदारास घाई नसते, विकणाऱ्यास असते. आणि सौद्यांत ज्याला घाई, त्याची हार.

४. चार नियम

ह्या अडचणीवर एकच असा रामबाण उपाय नाहीं. तथापि लहान शेतकऱ्याच्याही हातीं असे चार नियम आहेत. त्यांस पैसा थोडा लागतो, पण नेम फार लागतो.

पहिला नियम : माल वाळवा, पण हिशेब करून वाळवा. हमीभावाच्या खरेदींत सोयाबीनमध्यें १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. (२०२४ च्या सुगींत पाऊस लांबल्यामुळें सरकारनें ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढविली होती.) पुष्कळांस वाटतें कीं वाळविलें म्हणजे वजन घटतें, आणि तेवढें नुकसानच होतें. हें खरें कीं खोटें तें गणितानें पाहूं. समजा, १८ टक्के ओलाव्याचें १० क्विंटल सोयाबीन आहे. त्यांत पाणी १८० किलो आणि कोरडा ऐवज ८२० किलो. तेंच १२ टक्क्यांपर्यंत वाळविलें तर ८२० किलो ऐवज हा एकंदर वजनाचे ८८ टक्के होईल. म्हणजे वजन सुमारें ९३२ किलो भरेल. घट ६८ किलोंची झाली. आतां ओल्या मालास ३,८०० रुपये भाव मिळत असेल, तर एकंदर ३८,००० रुपये येतील. वाळलेल्या ९ क्विंटल ३२ किलोंचे तेवढेच रुपये होण्यास भाव सुमारें ४,०८० पाहिजे. म्हणजे ओल्या व वाळल्या मालाच्या भावांत २८० रुपयांहून अधिक अंतर असेल, तरच वाळविण्याचा पैशानें फायदा. वाळल्या मालास ४,३०० मिळाले, तर ४०,०७६ रुपये होतील, आणि २,०७६ रुपये अधिक पदरांत पडतील. जर अंतर शंभर रुपयांचेंच असेल, तर वाळविण्यानें त्या दिवशीं लाभ नाहीं. पण एक गोष्ट विसरूं नये : ओला माल ठेवतां येत नाहीं. तो तापतो, काळा पडतो, त्यास बुरशी येते. वाळविलेल्या मालाचा धनीच थांबूं शकतो, आणि थांबूं शकणें हीच बाजारांतली खरी शक्ति आहे. वाळविण्याबरोबर माती, काड्या व डागी दाणे चाळून काढावे. ज्या मातीचें वजन आपण पोत्यांत भरून नेतों, तिच्यापायीं चांगल्या दाण्यांचाही भाव कमी होतो.

दुसरा नियम : विकण्यापूर्वीं बियाणें बाजूस काढा आणि माल घरीं तोला. सोयाबीन हें स्वपरागी पीक आहे. म्हणून त्याचें घरचें निवडक बी पुढील वर्षीं पेरतां येतें, आणि दर वर्षीं पिशवी विकत घ्यावीच लागते असें नाहीं. मात्र त्याच्या बियांचें टरफल नाजूक असतें. पोतें आपटूं नये, थप्पी उंच रचूं नये, आणि मळणीयंत्र फार वेगानें चालवूं नये. पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे, आणि आठवड्यानें किती उगवले तें मोजावें. सत्तर किंवा अधिक उगवले तर बी पेरण्याजोगें. त्याहून कमी असेल तर बियाण्याचें प्रमाण वाढवावें अथवा दुसरें बी पाहावें. बी निघाल्यावर उरलेला माल घरींच तोलून वहींत लिहावा. जो घरचें वजन जाणतो, त्यास काट्यापाशीं वाद करावा लागत नाहीं. त्यानें वही काढली तरी पुरें. काट्यावर वजनमापें खात्याचा शिक्का आहे कीं नाहीं हेंही पाहावें, आणि हिशेबपट्टी घेतल्यावांचून घरीं येऊं नये.

तिसरा नियम : सर्व माल एका दिवशीं विकूं नये. अगदीं निकडीचें देणें भागविण्यापुरता माल सुगीला विकावा, आणि उरलेला दोन-तीन हप्त्यांनीं काढावा. ज्यांस तेवढाही धीर धरणें शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं शेतमाल तारण ठेवण्याची सोय आहे. ती महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची योजना असून १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालत आली आहे. माल समितीच्या गोदामांत ठेवला कीं त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठीं शेंकडा ६ रुपये वार्षिक व्याजानें मिळते. हाही हिशेब मांडूं. १० क्विंटल माल, भाव ४,२००, किंमत ४२,००० रुपये. तिच्यावर ३१,५०० रुपये मिळाले. सहा महिन्यांचें व्याज ९४५ रुपये, म्हणजे क्विंटलास सुमारें ९५ रुपये. त्यांत ने-आण व गोदामाचें कांहीं भाडें पडत असेल तर तेंही मिळवावें. भाव यापेक्षां अधिक चढला तरच थांबण्यांत लाभ झाला. भाव दर वर्षीं चढतोच असें नाहीं. पुष्कळांनीं सोयाबीन महिनोन्महिने सांठवून अखेर सुगीपेक्षांही कमी भावानें विकलें आहे. म्हणून सर्व विकणें आणि सर्व ठेवणें हे दोन्ही जुगारच. भागांनीं विकणारा माणूस सर्वांत उंच भाव कधीं साधत नाहीं, पण सर्वांत नीच भावांतही तो सगळा बुडत नाहीं.

चौथा नियम : टोपलीचा माल सुटूं देऊं नये. पोत्यांचा पैसा वर्षांत दोनदां किंवा तीनदां येतो. टोपलीचा पैसा दर आठवड्यास येतो. साबण, तेल, मुलाची वही, दवाखान्याची चिठ्ठी हीं सुगीची वाट पाहत नाहींत. ज्या घरांत दर आठवड्यास थोडी रोकड येते, त्या घरास सुगीच्या दिवसांत घाई कमी असते. म्हणजे टोपली पोत्याची पाठराखण करते. विहिरीपाशीं पांच-दहा गुंठे रान असेल, तर सगळी मेथी एका दिवशीं पेरूं नये. एक वाफा आज, दुसरा दहा दिवसांनीं, तिसरा आणखी दहा दिवसांनीं, असें केलें म्हणजे दर बाजारास ताजी जुडी नेतां येते. बांधावर शेवग्याचीं चार झाडें, पपईचीं दोन, आणि सोयाबीनच्या रानांत तुरीच्या ओळी असाव्या. जुडी धुऊन, पिवळीं पानें काढून, सारख्या मापाची बांधावी. टोपलीचा हिशेब बहुधा घरच्या बाईच्या हातीं असतो. तो तिच्याच हातीं राहूं द्यावा, कारण तो पैसा घरांतच पोहोंचतो, असा आमचा अनुभव आहे.

५. एकट्यानें नव्हे

हे चार नियम एका घरानें पाळले तरी लाभ आहे. दहा घरांनीं मिळून पाळले तर लाभ वाढतो. एका शेतकऱ्याचीं पांच पोतीं लातूरला न्यावयाचीं तर गाडीभाडेंच अंगावर येतें. दहा घरांचीं पन्नास पोतीं एका गाडींत जातात. एकट्यानें चाळणी-यंत्र घेणें होत नाहीं. गटानें तें होतें. हा विचार नवा नाहीं. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं १८४४ सालीं २८ जणांनीं मिळून एक लहानसें दुकान काढलें. खरें वजन, शुद्ध माल आणि रोखीचा व्यवहार हे त्यांचे नियम होते. तेवढ्या दुकानापासून सहकाराची चळवळ जगभर पसरली. आपल्या देशांत कंपनी कायद्यांतील २००२ च्या दुरुस्तीनें शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादक कंपन्या काढतां येऊं लागल्या, आणि त्या आज लातूर जिल्ह्यांतही आहेत.

भाजी व फळें यांच्या बाबतींत विकणारा व खाणारा यांना समोरासमोर आणण्याचे प्रयत्न अनेक प्रांतांत झाले. पंजाबांत १९८७ सालीं ‘अपनी मंडी’ सुरू झाली. आंध्र प्रदेशांत १९९९ सालीं ‘रयतु बाजार’ निघाले. महाराष्ट्रांत २०१६ सालीं फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा करण्यांत आला, आणि त्याच वर्षीं संत सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजाराची योजना निघाली. अर्थात् आज रेणापूरच्या शेतकऱ्यास आपली भाजी लातूरच्या एखाद्या वस्तींत नेऊन थेट विकण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. आडकाठी आहे ती रोज पहाटे कोण जाणार ह्या प्रश्नाची. आणि त्याचें उत्तर पाळीपाळीनें जाणें हेंच आहे.

मालाचें नांव होणें ही गोष्टही एकट्याची नव्हे. आपल्या जिल्ह्यांतील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे त्या त्या ठिकाणच्या मालावांचून दुसऱ्या मालास तें नांव लावतां येत नाहीं. पानचिंचोली व बोरसुरी हीं लहान गांवें आहेत. त्यांच्या मातीचा गुण त्यांत आहेच. पण पिढ्यानुपिढ्या लोकांनीं तें बी जपलें, हा गुणही त्यांत आहे. एका घरानें भेसळ केली तर साऱ्या गांवाचें नांव जातें. म्हणून ज्या गांवास नांव कमवावयाचें आहे, त्यानें आधीं आपसांत विश्वास कमवावा.

गट मोडतात ते बहुधा तोट्यानें मोडत नाहींत, संशयानें मोडतात. कोणाचीं पोतीं किती, काय भावानें गेलीं, खर्च किती झाला, हें गांवांतील एका भिंतीवर सर्वांस दिसेल असें लिहून लावावें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास वाचून दाखवावें. हें काम गांवच्या शिक्षकानें अथवा उपदेशकानें पतकरावें, पण पैसे मात्र स्वतःपाशीं ठेवूं नयेत. हिशेब एकाच्या हातीं आणि पैसा दुसऱ्याच्या हातीं असला म्हणजे दोघेही निर्धास्त राहतात.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, दूरदेशींचा भाव आपल्या हातीं नाहीं, पाऊसही नाहीं. परंतु दाण्यांतील ओल, पोत्यांतील माती, वहींतील वजन, टोपलींतील जुडी आणि शेजाऱ्याशीं केलेला करार हीं आपल्या हातीं आहेत. येत्या सुगींत ह्यांपैकीं एक तरी गोष्ट प्रत्येक घरानें करून पाहावी, आणि तिचा हिशेब लिहून ठेवावा.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. आपल्या रानांतून कोणत्या महिन्यांत कोणता माल निघतो? बारा महिने लिहून त्यांपुढें जिनसा मांडा. कोणते महिने रिकामे राहिले?

२. १६ टक्के ओलाव्याचें १० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळविलें तर वजन किती भरेल? ओल्याचा भाव ४,००० असेल, तर वाळल्यास किती भाव मिळाल्यावर बरोबरी होईल?

३. गेल्या सुगीची हिशेबपट्टी काढून पाहा. तींत कोणकोणत्या नांवांखालीं पैसे कापले आहेत? प्रत्येकाचें कारण सांगा.

४. सर्व माल सुगीला विकणें, सर्व सांठविणें आणि भागांनीं विकणें, ह्या तिहींत आपल्या घरास काय सोसेल, आणि कां?

५. आपल्या वस्तींतील दहा घरांनीं एका गाडींत माल न्यावयाचें ठरविलें, तर हिशेब कोण लिहील आणि पैसे कोण सांभाळील?